शिखररेषेवरची ओझी

ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९५० मीटर उंचीवर, वोलायर नावाचे एक लहानसे तळे आहे. तळ्याच्या काठी ऑस्ट्रियाचा पर्वत-निवारा उभा आहे. तेथून थोडे चालले की गवताळ खिंडीच्या पलीकडे इटलीचा लाम्बेर्तेंगी-रोमानिन निवारा लागतो. दोहोंच्या मध्ये सीमा आहे. पण चौकी नाही, पहारेकरी नाही, पारपत्र मागणारे कोणी नाही. एका देशात सकाळची कॉफी घ्यावी आणि दुसऱ्या देशात जाऊन न्याहारी करावी, इतके ते सोपे आहे. त्याच खिंडीच्या उतारावर मात्र दगडी बांधांच्या रांगा आणि डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुहा आजही दिसतात. शंभर वर्षांपूर्वी या दोन निवाऱ्यांमधले अंतर ओलांडणाऱ्यास जिवाची आशा ठेवता येत नव्हती.

ही डोंगरधार कार्निक आल्प्सची. पश्चिमेस झिलियान या ऑस्ट्रियन गावापासून पूर्वेस तार्विझिओच्या परिसरापर्यंत ती शंभर किलोमीटरहून अधिक लांब पसरली आहे, आणि तिच्या माथ्यावरूनच दोन देशांची सीमा जाते. उत्तरेस ऑस्ट्रियाचे टिरोल व कॅरिंथिया, दक्षिणेस इटलीचा फ्रिउली प्रांत आणि त्यातील कार्निया हा डोंगरी मुलूख. धारेवर पडलेला पाऊस उत्तरेकडे वळला तर गाइल, द्राऊ आणि डॅन्यूब या नद्यांमधून थेट काळ्या समुद्रास जातो. दक्षिणेकडे वळला तर बूत आणि तालियामेंतो या नद्यांमधून एड्रियाटिक समुद्रात उतरतो. या धारेच्या सर्वोच्च शिखराची उंची २,७८० मीटर आहे आणि त्याला नावे दोन: उत्तरेकडील लोक त्याला होहे वार्ते म्हणतात, दक्षिणेकडील मोंते कोल्यान्स. खिंडी, तळी, कुरणे यांचीही नावे येथे अशीच दुहेरी आहेत. प्रवाशाने नकाशा घेताना दोन्ही नावे छापलेला घ्यावा, नाहीतर एकच खिंड दोनदा शोधण्याची पाळी येते.

धारेच्या अंगाने जाणाऱ्या पायवाटेचा क्रमांक ४०३. तिला ‘शांतिमार्ग’ असेही नाव आहे. सगळी वाट चालायची तर सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आणि आठ ते अकरा दिवस लागतात. वाट मध्यम कठीण प्रतीची आहे. दोर किंवा बर्फाची कुदळ यांची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. दिवसाला सहा-सात तास चालण्याची सवय, पक्की पादत्राणे आणि उंचीचे भय नसणे एवढी सामग्री पुरते. ज्यांना तितका अवकाश नाही त्यांनी मधला दोन दिवसांचा टप्पा करावा. पहिल्या दिवशी ऑस्ट्रियाच्या लेझाख खोऱ्यातून किंवा इटलीच्या कोलिना गावाकडून चढून वोलायर तळ्याकाठी मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी २,१३८ मीटर उंचीची व्हालेंटीन खिंड ओलांडून प्लोकेन खिंडीत उतरावे. उतरताना उजव्या हातास केलरवांडचा उभा कडा दिसतो. त्याच्या कुशीत ‘आइसकार’ नावाची हिमनदी दडलेली आहे. ऑस्ट्रियातील ती सर्वांत दक्षिणेची हिमनदी. खिंडीच्या सावलीतल्या बाजूस जुलैतही बर्फाचे पट्टे राहतात, त्यावरून पाय निसटतो. वृद्ध माणसे व मुले बरोबर असतील तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा आरंभ हा काळ अधिक बरा.

तळ्याभोवतीचा करडा चुनखडक जरा वाकून पाहण्यासारखा आहे. त्यात प्रवाळांचे व शिंपल्यांचे ठसे सापडतात. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण, उथळ समुद्र होता आणि आजची शिखरे म्हणजे त्यातले प्रवाळबांध. भूशास्त्राच्या अभ्यासकांची येथे नित्य ये-जा असते.

पण या धारेची खरी कथा तिच्या पाठीवरून गेलेल्या ओझ्यांची आहे, आणि तिचा आरंभ व्यापारात आहे.

प्लोकेन खिंडीची उंची अवघी १,३५७ मीटर. एवढ्या उंच भिंतीत इतके खालचे दार सापडल्यावर व्यापारी ते सोडणार कसे? रोमन काळात आक्विलेइया या एड्रियाटिक बंदराजवळच्या पेठेपासून एक मार्ग या खिंडीतून आल्प्सच्या उत्तरेस जात असे. खिंडीजवळच्या खडकांवर त्या काळचे कोरीव लेख आजही आहेत. उत्तरेच्या पायथ्याच्या माउथेन गावाच्या नावातच जकात दडलेली आहे. जर्मन भाषेत ‘माउट’ म्हणजे मालावरचा कर. जेथे जकातीचे नाके बसते तेथे माल किती येत असेल याचा अंदाज व्यापारी घरात वाढलेल्या माणसास वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे व्हेनिसच्या भरभराटीच्या काळात आणि त्यानंतर अठराव्या शतकापर्यंत कार्नियातील पुरुषांनी एक विलक्षण उदीम चालवला. त्यांना ‘क्रामार’ म्हणत. शब्दाचे मूळ जर्मन, अर्थ किरकोळ माल विकणारा वाणी. डोंगरातली शेती घराला वर्षभर पुरत नसे. म्हणून शरद ऋतूत हे लोक पाठीवर खणाखणांची लाकडी पेटी बांधून निघत. पेटीत व्हेनिसहून आलेले मसाले, औषधी द्रव्ये, रेशीम व बारीक कापड असे. ऑस्ट्रिया, बव्हेरिया, बोहेमिया इतक्या दूरवरच्या खेड्यापाड्यांत ते दारोदार फिरत आणि उन्हाळ्यात गवतकापणीच्या वेळी घरी परतत. व्हेनिसच्या पेढ्यांवर येणारी मिरी मुळात मलबारच्या किनाऱ्यावरची. म्हणजे एखाद्या बोहेमियन शेतकऱ्याच्या रश्श्यात पडलेला मिऱ्याचा दाणा आधी केरळातील वेलीवर, मग जहाजावर आणि शेवटी कार्नियाच्या एखाद्या वाण्याच्या पाठीवर प्रवास करून आलेला असे.

या फिरत्या व्यापाराचे भांडवल मुख्यतः विश्वासाचे होते. दूरच्या खेड्यातल्या गिऱ्हाइकाला माल उधार द्यायचा आणि वर्षाने पुन्हा त्याच दारात उभे राहून पैसे मागायचे, तर दोघांनीही शब्द पाळावा लागे. काही कुटुंबांनी उत्तरेच्या गावांत कायमची दुकाने थाटली, काहींनी तिकडेच सोयरिकी केल्या. आपल्याकडील जी घराणी मारवाड किंवा गुजरात सोडून दक्षिणेच्या बाजारपेठांत उतरली, त्यांच्या जुन्या वह्यांत असाच हिशेब सापडेल: गावाकडे पाठवलेली रक्कम, परक्या मुलखातली उधारी, पावसाळ्यापूर्वी परतण्याची घाई. कार्नियात पुरुष बाहेर असताना शेत, गोठा, म्हातारी माणसे आणि घरचा जमाखर्च स्त्रिया सांभाळीत. त्यांच्याही पाठीवर ओझे असेच. ‘जेर्ला’ म्हणजे विणलेली उंच टोपली. तिचे पट्टे खांद्यात अडकवून गवत, लाकूड, शेणखत, कधी तान्हे मूलही त्या वाहून नेत. चालता चालता हातातले विणकाम मात्र थांबत नसे.

या व्यापाराची चव अजून कार्नियाच्या स्वयंपाकघरात शिल्लक आहे. ‘चार्सोन्स’ हा तेथील सणावाराचा पदार्थ. पातळ पारीत सारण भरून ती अर्धचंद्राकार मिटायची, पाण्यात उकडायची आणि वर वितळलेले लोणी व धुरावलेले रिकोत्ता चीज घालायचे. सारणात मनुका, दालचिनी, रानातल्या हिरव्या पाल्या असे गोड-तिखट मिश्रण असते आणि घरोघर त्याची कृती निराळी. पेटीच्या तळाशी उरलेले मसाले फिरस्ते घरी आणीत, त्यातून हा पदार्थ जन्मला असे तेथील लोक सांगतात. आता डोंगर ओलांडून कॅरिंथियात उतरावे, तर तेथेही तशीच अर्धचंद्राकार ‘कासनुडेल’ पानात येते. सारण दह्याच्या चक्क्यासारख्या मऊ चीजचे आणि पुदिन्याचे. तिच्या कडेला बोटांनी बारीक मुरड घालतात. ज्या मुलीला ही मुरड जमत नाही तिला नवरा मिळत नाही, अशी कॅरिंथियात म्हणच आहे. दिवाळीच्या करंज्यांना मुरड घालताना हेच वाक्य आपल्या कितीतरी आज्यांनी म्हटले असेल.

आहाराविषयी एवढे सांगून मात्र थांबता येत नाही. हे दोन्ही पदार्थ बिनमांसाचे असले तरी पारीत अंडे आणि सारणात किंवा पारीत बटाटा असण्याचा संभव मोठा. विचारल्यावाचून खाऊ नये. गाइल खोऱ्यातील कुरणांवर बनणारे चीज युरोपात नावाजलेले आहे, पण आल्प्समधील परंपरागत चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द ऐकून निवाऱ्यातील यजमान आनंदाने चीजच पुढे करील, त्यात त्याचा दोष नाही. आगाऊ आरक्षण करतानाच अंडे, कांदा, लसूण, कंदमुळे आणि रेनेट यांची यादी लिहून कळवावी आणि खाकरा, मेतकूट, सुकामेवा असा आपला शिधा बरोबर ठेवावा. एक गोष्ट मात्र सोयीची. जून-जुलैत तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो आणि निवाऱ्यांतले रात्रीचे जेवण त्याच्या पुष्कळ आधी वाढतात. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असलेल्यांना मुंबईच्या धावपळीपेक्षा आल्प्सच्या माथ्यावर तो पाळणे सोपे जाते.

१८६६ मध्ये व्हेनेतो व फ्रिउली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून निघून इटलीच्या राज्यास मिळाले आणि कार्निकची धार दोन राज्यांची सीमा झाली. लोकांचे जाणे-येणे थांबले नाही. क्रामारांचा व्यापार तोवर ओसरला होता. त्यांचे नातू आता गवंडी, लाकूडतोडे, वीटभट्टीवरचे मजूर होऊन त्याच खिंडीतून ऑस्ट्रियात हंगामी कामास जात. खिंडीच्या दक्षिण पायथ्याचे टिमाऊ गाव तर मुळात कॅरिंथियातून आलेल्या लोकांनीच वसवलेले. तेथील वृद्धांच्या तोंडची बोली आजही जर्मन कुळातली आहे. गाव इटलीचे, देवळातली भाषा लॅटिन, बाजारातली फ्रिउली आणि चुलीपाशी बोलायची ती डोंगरापलीकडच्या लोकांची.

२३ मे १९१५ रोजी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. जेथून मिरी आणि कापड जात होते तेथून सैन्य जाऊ शकते, हे दोन्ही बाजूंच्या सेनापतींना ठाऊक होते. प्लोकेन खिंड फुटली तर बूत नदीच्या खोऱ्यातून फ्रिउलीच्या सपाटीपर्यंत वाट मोकळी होती. त्यामुळे खिंडीच्या दोन्ही अंगांची शिखरे लढाईत ओढली गेली. त्यांत पश्चिमेस २,२४१ मीटर उंचीचे चेल्लोन आणि पूर्वेस पाल पिक्कोलो, फ्राइकोफेल, पाल ग्रांदे ही होती. पाल पिक्कोलोच्या माथ्यावर शत्रूंचे खंदक इतके जवळ होते की एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू जाई. दोन हिवाळे माणसे त्या दगडांत राहिली.

वर सैन्य होते. खाली गोदामे होती. मधल्या उतारावर गाडीरस्ता नव्हता आणि सामान वाहण्यासाठी आघाडीवरचे सैनिक खाली बोलवावेत तर फळी कमकुवत होत होती. तेव्हा लष्कराने गावांतल्या स्त्रियांना साद घातली. १५ ते ६० वर्षे वयाच्या हजाराहून अधिक स्त्रिया पुढे आल्या. त्यांना ‘पोर्तात्रिची’, म्हणजे वाहून नेणाऱ्या, हे नाव पडले. दंडावर तुकडीच्या क्रमांकाची लाल फीत, पायांत कापडी तळव्यांची घरी शिवलेली पादत्राणे आणि पाठीवर तीच जेर्ला. काल तिच्यात गवत होते. आता काडतुसे, तोफगोळे, पाव, औषधे आणि खंदकांसाठी फळ्या आल्या. ओझे ३० ते ४० किलोचे. पहाटे निघून ६०० ते १,२०० मीटर चढायचे, माल उतरवायचा आणि परत येऊन गोठ्यातल्या गाईची धार काढायची. उतरताना टोपली रिकामी नसे. सैनिकांचे धुवायचे कपडे तिच्यात असत. कधी जखमींना खाली आणावे लागे आणि कधी मृतांना. एका फेरीची मजुरी होती दीड लिरा.

या मजुरीचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा, हा प्रश्न व्यापारी वाचकास पडल्यावाचून राहणार नाही. त्या स्त्रियांचे नवरे व भाऊ दूरच्या आघाड्यांवर होते, हंगामी कामाची वाट युद्धाने बंद केली होती, मुले घरात उपाशी होती. दीड लिऱ्याची त्यांना गरज होती. पण केवळ गरजेपोटी कोणी फेब्रुवारीच्या बर्फात गोळीच्या टप्प्यातून तोफगोळे वाहत नाही. वर भुकेलेला जो सैनिक आहे तो आपल्यासारख्याच एखाद्या घरचा मुलगा आहे, ही भावना त्यांतील कित्येकींनी उतारवयात बोलून दाखवली आहे. त्यांनी नेलेले गोळे पलीकडच्या घरांतल्या मुलांवर पडत होते, हेही तितकेच खरे आहे; आणि ती पलीकडची घरे टिमाऊच्या लोकांना परकी नव्हती.

मारिया प्लोत्सनेर मेंटिल या त्यांपैकीच एक. जन्म १८८४ चा, गाव टिमाऊ. चार मुलांची आई; पती दूर कार्सोच्या आघाडीवर. १५ फेब्रुवारी १९१६ रोजी त्या प्रामोझिओच्या कुरणाजवळ, माल्पास्सो नावाच्या ठिकाणी, ओझे उतरवून क्षणभर विसावल्या होत्या. समोरच्या डोंगरावर बसलेल्या ऑस्ट्रियन नेमबाजाची गोळी त्यांना लागली. त्यांना खाली पालुत्सा गावातील रुग्णालयात आणले. तेथे त्यांचा अंत झाला. गोळी झाडणारा कोण होता हे कोणास माहीत नाही. तो गाइल खोऱ्यातला असता, तर मारियाबाईंनी घरच्या बोलीत मारलेली हाक त्याला समजली असती.

त्या वर्षाची आणखी एक घटना कार्नियाचे लोक विसरलेले नाहीत. चेल्लोनचे शिखर दिवसाउजेडी चढून घेण्याचा हुकूम एका डोंगरी तुकडीस मिळाला. तुकडीतील काही सैनिक त्याच मुलखातले. दगड अन् दगड त्यांच्या ओळखीचा. या वेळी उघड्या उतारावर चढणे म्हणजे निष्फळ मरण, रात्रीची वाट पाहू द्या आणि तोफांचा आधार द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याला बंडाळी ठरवून लष्करी न्यायासन बसले आणि १ जुलै १९१६ च्या पहाटे चेर्चिवेंतो गावात, स्मशानाच्या भिंतीपाशी, चौघांना गोळ्या घालण्यात आल्या. चौघांतील एक टिमाऊचा होता. पुढे कुटुंबांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. त्यांची मानमर्यादा परत मिळावी यासाठी फ्रिउलीच्या प्रादेशिक विधिमंडळाने कायदा केला तो २०२१ मध्ये, म्हणजे १०५ वर्षांनी.

ऑक्टोबर १९१७ मध्ये दूर पूर्वेस कापोरेत्तो येथे इटलीची आघाडी कोसळली. वेढले जाऊ नये म्हणून कार्निकवरील इटालियन सैन्य एकही शिखर न गमावता खाली उतरले आणि अडीच वर्षांच्या लढाईने ज्यासाठी एवढे रक्त मागितले ती धार काही दिवसांत ओस पडली. पुढे इटली विजयी पक्षात राहिली. १९१९ च्या तहाने पश्चिमेस दक्षिण टिरोल आणि पूर्वेस तार्विझिओचा परिसर तिला मिळाला. मधल्या भागात, वोलायर, चेल्लोन, पाल पिक्कोलो या ठिकाणी, सीमा १८६६ मध्ये होती तेथेच राहिली. ज्या दगडांसाठी माणसे मेली त्यांची मालकी एका हातानेही सरकली नाही.

युद्धानंतर खंदक, पायऱ्या आणि खच्चरांच्या वाटा ढासळत गेल्या. १९७३ मध्ये वाल्टर शाउमान या ऑस्ट्रियन सैन्याधिकारी व इतिहासकाराने ‘डोलोमाइटचे मित्र’ या अर्थाच्या नावाची संस्था काढली. सैन्याने शत्रूपासून बचावासाठी बांधलेल्या वाटा दुरुस्त कराव्यात आणि त्यांवरून दोन्ही देशांच्या लोकांनी एकत्र चालावे, अशी त्यांची कल्पना. निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक उन्हाळ्यांमागून उन्हाळे सुट्टी घालवून येथे दगड रचत राहिले. त्या श्रमांतून प्लोकेन खिंडीजवळचे उघड्यावरचे संग्रहालय उभे राहिले आणि केटशाख-माउथेन गावात युद्धसंग्रहालय झाले. पाल पिक्कोलोवर आता खंदकांतून चालता येते. दोन्ही सैन्यांच्या जागा एकाच वाटेवर काही पावलांच्या अंतराने लागतात. हात लांब केला तर दोन्ही भिंतींना लागेल की काय असे वाटते. धारेच्या पश्चिम टोकाकडे ओब्स्टान्स तळ्याजवळ सैनिकांचे एक छोटे स्मशान आहे. वाटसरू तेथे आपोआप आवाज खाली आणतात.

वाटेवरचे नियम थोडे आहेत, पण ते मोडू नयेत. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याचा संभव असतो, म्हणून सकाळी लवकर निघून दोन-तीनच्या आत निवारा गाठावा. लोखंडी तारा व पंज्या असलेल्या वाटांवर वीज चमकत असताना राहणे धोक्याचे. खुणेची लाल-पांढरी पट्टी दिसेनाशी झाली तर पुढे रेटू नये, शेवटच्या खुणेपाशी परत यावे. गंजलेला गोळा किंवा काडतूस दिसले तर त्याला हात लावू नये. शतक उलटले तरी त्यातली दारू मेली असेल असे नाही. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगावे. संकटात ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो. ऑस्ट्रियाच्या पर्वत-बचाव पथकासाठी १४०. निवाऱ्यांत झोपण्यासाठी स्वतःची पातळ खोळ न्यावी लागते आणि रोख पैसे जवळ असलेले बरे.

सीमेवरील तपासणी १९९८ मध्ये उठली आणि खिंडीतल्या चौक्या रिकाम्या झाल्या. या मोकळेपणावर दोन्ही बाजूंच्या दुकानदारांचे किती अवलंबून होते, हे डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने कळले. इटलीच्या बाजूस दरड कोसळून खिंडीचा रस्ता दीर्घकाळ बंद पडला. कुठल्या सरकारने बंदी घातली नव्हती, पण माउथेनची गिऱ्हाइके टिमाऊस जाईनात आणि टिमाऊची माउथेनला. डोंगरातून बोगदा काढावा ही जुनी मागणी पुन्हा वर आली. पायवाट मात्र त्या काळातही धारेवरून चालू होती.

टिमाऊ गावातले जुने देऊळ आता अस्थिमंदिर आहे. वरच्या शिखरांवर पडलेल्या इटालियन सैनिकांच्या अस्थी तेथे ठेवल्या आहेत आणि त्यांच्यासोबत काही ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांच्याही. मारिया प्लोत्सनेर मेंटिल यांच्या अस्थी त्याच छताखाली आहेत. पालुत्सातील लष्करी तळाला त्यांचे नाव दिले गेले. एखाद्या स्त्रीचे नाव असलेला इटलीतला तो एकमेव तळ होता. १९९७ मध्ये, मृत्यूनंतर ८१ वर्षांनी, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना शौर्याचे सुवर्णपदक जाहीर केले. अस्थिमंदिरातून बाहेर पडून वर पाहिले की पाल पिक्कोलोचा माथा डोक्यावर येतो. तेथवर जाणारी पाऊलवाट गावाच्या वरूनच चढू लागते. चढ उभा आहे. पाठीवर एक पाण्याची बाटली आणि अंगावर पावसाळी झगा एवढेच असले, तरी पहिल्या वळणावर दम लागतो.